उलटा भरलेला डोळा

नहराच्या पाण्यावर सकाळी धूर दिसला की समजायचं, थंडी उतरली. परवा दिसला. मी अंगणात दोन्ही हात बगलेत दाबून उभा होतो. रस्त्याने जाणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा गारठला. थंडी होतीच, पण हात मी दुसऱ्याच कारणाने दाबले होते. ते कोणाला दिसू नयेत, ही जुनी खोड. आता खरं तर लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. आठवीच्या अख्ख्या वर्गाने माझे हात पाहून झाले आहेत, तेही मोठे करून करून. तरी थंडी आली की हात आपोआप बगलेत जातात.

आमच्या धंद्यात थंडी म्हणजे डोळे भरायचे दिवस. पारशिवनीच्या अलीकडे आमची संत्र्याची नर्सरी आहे. चांगलं संत्र्याचं झाड बी पेरून करत नाहीत. आधी जंबेरीचं रोप वाढवायचं, जंबेरी म्हणजे रानटी, आंबट लिंबाची जात. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर वर त्याची साल चिरायची. मग गोड झाडाच्या काडीवरून एक डोळा काढायचा. पानाच्या बगलेत जो बारीक कोंब झोपलेला असतो, तोच डोळा. सालीच्या तुकड्यासकट तो त्या चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. याला आम्ही डोळा भरणं म्हणतो. साल चिरली की जो कडवट वास सुटतो तो हिवाळाभर बोटांतून जात नाही. शांता, माझी बायको, म्हणायची, "या दिवसांत तुमच्या हातचा घास घेतला तर तोंड कडू होते." आणि तरी घ्यायची.

मी कामाला बसलो की उजाडल्यापासून दुपारपर्यंत एक वाफा संपवायचो, पाठ सरळ न करता. माझा डोळा मरत नाही, असं लोक बोलायचे. मी ते कधी खोडलं नाही. माणसाला एखादी तरी गोष्ट अशी असावी, की जिच्याबद्दल त्याने मान खाली घालू नये. शाळेत माझी मान खालीच होती. चौथीत गुरुजींनी फळ्यावर भागाकाराला बोलावलं. खडू हातात घेतला आणि हात असा हलायला लागला, की आकडा पाचचा आहे की सहाचा ते मलाच कळेना. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही, त्यानंतरही नाही. पुढे कोणी विचारलं की मी घरच्या गरिबीचं कारण सांगायचो. लोकांना ते पटायचं. फळ्याचं मी शांतालासुद्धा सांगितलं नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्याची मला एवढी भीती वाटली असावी. फळा पुन्हा आला होता, आणि या वेळी तो घरापर्यंत चालत आला होता.

प्राची, माझ्या मुलाची, दिलीपची मुलगी, तेव्हा आठवीत होती. त्यांच्या विज्ञानाच्या मॅडमनं वर्गाला सांगितलं, की पुस्तकातला एकेक धडा तुम्ही घरी मोबाईलवर तीन मिनिटांत करून दाखवा. तुमचाच व्हिडिओ पाहून बाकीचे शिकतील. एकीनं दही कसं लागतं ते काढलं. एकानं कुकरची शिटी काढली, त्यात त्याची आई दोनदा ओरडली तेही आलं. प्राचीच्या वाट्याला आलं, झाडापासून झाड कसं होतं.

"आबाजी, तुमचा व्हिडिओ काढायचा आहे," ती म्हणाली.

"माहा काहून? तुह्या बापाले धर. तो जवान आहे, दिसते भी बरा."

"बाबा बोलते लय. तुम्ही बोलत नाही, तं काम दिसते."

मी हसलो. मनातून मात्र नको होतं. कारण आदल्या वर्षापासून माझा उजवा हात हलायला लागला होता. आधी वरणाची वाटी उचलताना. मग सदऱ्याचं बटन लावताना. वेगात काम केलं की तो हलताना दिसत नसे, म्हणून मी आणखी वेग वाढवला होता. दूरच्या कोपऱ्यातला वाफा मागून घ्यायचो, एकटाच बसायचो. दिलीपनं हंगामाच्या सुरुवातीला एकदा म्हणून ठेवलं होतं, "बाबा, यंदा तुम्ही छपरीत बसून काड्या निवडून द्या. भरायचं आम्ही पाहून घेतो." मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. काड्या निवडायला काय लागतं? ज्याच्या हातात चाकू नाही, तो आमच्यात पाहुणा. चहा घ्यावा आणि जावं.

नाही म्हटलं असतं तर प्राचीनं काहून म्हणून विचारलं असतं. म्हणून हो म्हटलं.

तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. बादली पालथी घातलेली, तिच्यावर वीट, विटेला टेकवून मोबाईल. त्याच्या पाठीवरचं ते काळं गोल भिंग माझ्या बोटांकडे लागलेलं. रोपांत काम करताना माझ्या पायावरून साप गेलेला आहे. तेव्हा मी श्वास धरून बसलो होतो आणि तो निघून गेला होता. हे भिंग निघून जात नव्हतं.

"हळू करा आबाजी. मॅडमनं सांगितलं, मागच्या बाकावरच्याले भी समजलं पायजे."

आयुष्यात मी डोळा हळू भरला नव्हता. तो हळू भरायचा नसतोच, उघडा राहिला की सुकतो. पण तिच्यासाठी मी वेग सोडला आणि सोडल्याबरोबर हात उघडा पडला. चाकूचं टोक सालीवर नाचायला लागलं. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, असं की जणू तीच पद्धत आहे.

"देठ मधात येते," प्राची मोबाईलमधून बघत म्हणाली. "डोळा दिसतच नाही."

आता हा देठ काय, ते सांगतो. काडीवरचं पान आम्ही कापून टाकतो, पण पानाचा देठ बोटाच्या पेराएवढा ठेवतो. त्या देठाला धरूनच डोळा उचलायचा असतो. देठ नेहमी डोळ्याच्या खाली येतो, म्हणून तो हातात असला की वरची बाजू कोणती हे अंधारातसुद्धा कळतं. पुढे पंधरा-वीस दिवसांनी देठाला बोट लावायचं. हलक्याने गळून पडला, तर डोळ्याने जीव धरला. वाळून चिकटून राहिला, तर मेला. नव्या माणसाला मी पहिली गोष्ट हीच शिकवतो, की देठाला हात लावू नको.

आणि तो देठ मी कापला. एका पोरीच्या व्हिडिओत दिसत नाही म्हणून.

कापल्यावर चिमटीत राहिला सालीचा नखाएवढा तुकडा. ती म्हणाली, मागची बाजू दाखवा. मी फिरवला. आता पुढची. पुन्हा फिरवला. हात हलत होता, तुकडा निसटत होता, काळं भिंग बघत होतं. कसाबसा चिरेत सरकवला, पट्टी आवळली. प्राचीनं वेणीची लाल रिबीन सोडून त्या रोपाला खूण म्हणून बांधली. महिनाभराने पट्टी सोडताना पुन्हा काढायचं आणि दोन्ही जोडून वर्गात दाखवायचं, असं तिचं ठरलं होतं.

छपरीत बसून तिनं मला ते दाखवलं. आधी मला समजलंच नाही, की तो हात कोणाचा आहे. काळा, शिरा वर आलेला, आणि वाऱ्यावरच्या पानासारखा हलणारा. मला वाटत होतं थोडासा हलतो. स्वतःचा हात माणूस वरून बघतो. समोरून तो कसा दिसतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग तिनं दोन बोटांनी चित्र ताणून मोठं केलं. डोळा बशीएवढा झाला. आणि देठ कापल्याचा वण मला दिसला. डोळ्याच्या वर.

वण खाली पाहिजे. वर आहे म्हणजे डोळा उलटा बसला.

"मस्त आलं ना?" प्राची म्हणाली.

"आलं," मी म्हटलं.

तिला कळण्यासारखं नव्हतं. पण दिलीपला एका नजरेत कळलं असतं. त्याच्या हातात तो मोबाईल गेला, की चाकू माझ्या हातातून गेला. यात मला शंका नव्हती.

तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. कोणाच्या खिशात मोबाईल वाजला की माझी मान वळायची. प्राची शाळेतून आली की तिच्या तोंडाकडे आधी बघायचो. नर्सरीत जायचो आणि लाल रिबीन दिसली की रस्ता बदलायचो. थोड्या वेळाने पुन्हा तिच्याचसमोर उभा असायचो. पट्टीच्या आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. देठ असता तर बोट लावून पाहिलं असतं. देठ मीच कापला होता. उलटा डोळा क्वचित जगतो असं ऐकून होतो, पण मी कधी तो जगू दिला नव्हता. दिसला की उपटायचो, आणि ज्यानं भरला त्याला चार माणसांत बोलायचो. किती जणांना बोललो असेन. त्यांची तोंडं त्या दिवसांत आठवायची. एकजण तर पुन्हा कामालाच आला नव्हता.

मग मी ते केलं. गावात एक साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, घरचे सगळे दुपारचे तिकडे गेले. पोट दुखतं सांगून मी मागे राहिलो. नर्सरीत गेलो, रिबीन सोडली आणि तिथून चौथ्या रोपाला बांधली. तो डोळाही मीच भरलेला, पण वेगात, देठासकट, सुलटा. माझाच हात, माझंच काम, यात खोटं ते काय, असं मनाला समजावत होतो. एक साधी गाठ, ती बसायला मला किती वेळ लागला. बैलाला दावं बांधणारा माणूस मी, आणि पोरीच्या रिबिनीची गाठ बसत नव्हती.

पट्टी सोडायचा दिवस आला. प्राचीनं मोबाईल काढला. मी पट्टी सोडली. डोळा हिरवागार, फुगलेला. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पहिला व्हिडिओ उघडला होता. एकदा मोबाईलमध्ये बघायची, एकदा जमिनीकडे.

"आबाजी, हे झाड ते नाही."

"काहून नाही? रिबीन आहे ना तुहीच."

"रिबीन तीच आहे. पण त्या झाडाजवळ पाईपाले निळा जोड होता. हे पाहा, दिसून राहिला. इथं कुठं आहे?"

आमचा ठिबकाचा पाईप काळा. एका जागी तो फुटला होता, तिथे दिलीपनं निळा जोड लावला होता. मी तो रोज ओलांडत होतो. तिनं तो व्हिडिओ महिनाभरात किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. आवाज लावायला, लिहायला, कापायला. माझं सगळं लक्ष हातावर, आणि तिला पाईप पाठ झाला होता.

"कोणी बदलवली?" ती म्हणाली.

बकरीनं ओढली असेल, बायांनी काढून दुसरीकडे बांधली असेल, हे सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं. प्राची माझ्या हाताकडे बघत होती. मग तिनं मोबाईल बंद केला आणि फ्रॉकच्या खिशात टाकला. "राहू द्या," ती म्हणाली. "चालते हेच."

तिला समजलं होतं. ती मला सोडून देत होती, जसं आजाऱ्याला सोडून देतात. फळ्यासमोर वर्ग हसला होता तेव्हा मला एवढं वाईट वाटलं नव्हतं.

"काढ मोबाईल," मी म्हटलं.

"कायले?"

"काढ म्हटलं ना."

निळ्या जोडाजवळच्या रोपासमोर मी बसलो. भिंग पुन्हा माझ्यासमोर. काय बोललो ते मला पाठ आहे, कारण नंतर ते फार वेळा ऐकावं लागलं. मी म्हटलं, "पोरंहो, आधी तुम्ही पाह्यलं त्यात माही चूक आहे. मी देठ कापला, अन् डोळा उलटा बसला. माहा हात हलते. चूक दिसू नाही म्हणून मी रिबीन दुसऱ्या झाडाले बांधली होती. खरं झाड हे आहे. आता सोडून पाहू, काय झालं ते मले भी माहीत नाही."

आणि पट्टी सोडली. आत काळं दिसेल म्हणून मी डोळे बारीक केले होते. हिरवा होता. खाली तोंड करून, पण हिरवा.

वर्गात दाखवायचं होतं त्या दिवशी मी जेवलो नाही. पोटदुखी या वेळी खरी होती. प्राची आली, दप्तर ठेवलं, पाय धुतले. मी तिच्या मागे मागे.

"हसले का?"

"हसले. आधी."

"मग?"

"मग मॅडमनं पुन्हा लावलं, अन् विचारलं डोळा कुठं उलटा झाला. कोणालेच दिसेना. तिसऱ्या डावानं मागच्या बाकावरच्या पोरीनं पकडलं."

"अन् हाताचं कोणी काही म्हटलं?"

"एकानं विचारलं, आबाजीले थंडी वाजून राहिली का."

"तू काय सांगतलं?"

"म्हटलं, नाही. हात हलते त्यांचा."

एवढंच. तिनं ते असं सांगितलं, जसं कोणी सांगावं, उंची अमुक, रंग सावळा.

दिलीपनं संध्याकाळी पाहिला. मी खाटेवर, तो पायरीवर. व्हिडिओ संपला. चाकू मी आधीच पुसून, मिटून खिशात ठेवला होता. मागायच्या आत द्यायचा, असं ठरवलं होतं. मी तो पुढे केला.

"असू द्या तुमच्याजवळ," तो म्हणाला.

"घे. पाह्यलं ना तू."

"बाबा, मले माहीत होतं." तो पायरीच्या कडेची माती नखानं काढत होता. "मागच्या सालापासून तुमच्या ओळीवरून मी संध्याकाळी एक चक्कर मारतो. जो बसला नसन तो पुन्हा भरतो."

आतून शांता म्हणाली, "अन् चहा मी वर्षापासून अर्धाच भरते कपात. तुमच्या ध्यानात आलं का?"

आलं नव्हतं. मला वाटायचं, दूध कमी पडतं.

एक माणूस भीतीनं वर्षभर एक गोष्ट लपवतो, आणि घरातले दोघं तीच गोष्ट त्याच्यापासून लपवतात. एवढ्या मोठ्या घरात तिघं एकाच झाकणावर बसून होतो. मला राग यायला पाहिजे होता, थोडा आलाही. माझा डोळा मरत नाही असं म्हणणाऱ्या लोकांना काय माहीत, की मेलेल्यांच्या जागी दिलीप नवे भरत होता. मग विचारलं, "किती मरत होते?"

"मोजले नाही," तो म्हणाला. मोजले असणार. माझाच मुलगा आहे.

ते झाड अजून आहे, निळ्या जोडाजवळ. त्याचा कोंब आधी जमिनीकडे निघाला, चार बोटं खाली गेला आणि मग वळून वर आला. गिऱ्हाईक विचारतात, हे असं काहून? मी विकत नाही. मॅडम तो व्हिडिओ दर हिवाळ्यात नव्या आठवीला दाखवतात. म्हणजे दर हिवाळ्यात एक दिवस असा येतो, की मी घरी खाटेवर असतो आणि तिकडे शाळेत पुन्हा देठ कापतो, पुन्हा चुकतो, पुन्हा कबूल करतो. तो दिवस मला आधी कळतो, कारण दुसऱ्या दिवशी चौकातली पोरं म्हणतात, "आबाजी, सुलटा बसवा बरं." मी म्हणतो, "तुह्या बापानं बसवला का कधी?" ते हसतात. मीही हसतो, पण हात बगलेत असतात.

भीती गेली असं मी लिहिणार नाही. ती जागा बदलते. तेव्हा लोकांना कळेल याची भीती होती. आता कळलेलं आहे, तर हाताचीच आहे. हे लिहितानाही अक्षर ओळीवर राहत नाही. दिलीप म्हणाला, मोबाईलमध्ये बोला, तो लिहून देते. मी म्हटलं, माझं मी लिहीन. चार दिवस लागले. गेल्या आठवड्यात प्राचीला म्हणालो, तो व्हिडिओ लाव. दोन वर्षांत मी तो आपणहून कधी पाहिला नव्हता. बादली दिसली, वीट, मग तो हात. मी बघत राहिलो. ज्या हाताला मी महिनाभर भ्यालो होतो, तो किती धड होता. चाकू धरत होता. गाठ मारत होता. तो हात मला आज कोणी परत दिला तर मी पेढे वाटीन. आणि आजचा हा हात पुढच्या थंडीत असाच आठवेल का, हा विचार आला तेव्हा मोबाईल बंद करायला सांगितलं.

मॅडमचा निरोप आला आहे, की आता बरोबर पद्धतीचाही एक व्हिडिओ पाहिजे, जोडून दाखवायला. दिलीपचा घ्या म्हटलं. नाही म्हणाल्या, त्याच आजोबांचा. काल काढला. बादली तीच, वीट नवी. प्राची आता दहावीत आहे, मोबाईल धरायला तिला वीट लागत नाही, पण ती म्हणाली, बादलीवरच ठेवू. शांता छपरीतून बघत होती, दिलीप उगाचच पाईप तपासत होता. मी काडी घेतली. साल चिरताना दोनदा चुकलो. तिसऱ्या वेळी चाकू सरकून बोटाला लागला, थोडं रक्त आलं, सदऱ्याला पुसलं. भीती तीच होती, फळ्याची, सापाची, भिंगाची. डोळा काढला आणि पुढे धरला.

"आबाजी, लय हलून राहिला," प्राची हळूच म्हणाली. "अन् देठ मधात येते. पुन्हा घेऊ का?"

"घेऊ नको," मी म्हटलं. "हलू दे. देठ धरून आहो मी."